इशारा आला, आता पुढे पाठवावा

पशुपालक बंधू-भगिनींनो, हवामानाचा अंदाज हमखास चुकत असे, त्या काळात आपले जिणे पुष्कळच सुखाचे होते. रेडिओवर पाऊस सांगितला की कडब्याची गंजी बिनधास्त उघडी ठेवावी आणि उघडीप सांगितली की ताडपत्री शोधायला लागावे, एवढ्या एका नियमावर गोठा चालत असे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने ही सोय अलीकडे हळूहळू काढून घेतली आहे. रडार आले, उपग्रह आले, पुढच्या तीन तासांत कोणत्या जिल्ह्यात विजा कडाडतील हे सांगणारे तातडीचे इशारे आले, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तर वीज आपल्यापासून वीस किलोमीटरच्या आत आहे की चाळीसच्या, हेही ‘दामिनी’ नावाच्या ॲपवर दाखवायला सुरुवात केली. इशारा खोटा ठरेल या भरवशावर आता स्वस्थ बसता येत नाही. तो खरा असताना स्वस्थ कसे बसावे, हे नव्याने शिकावे लागणार आहे आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम रंग समजून घ्यावेत. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा, असे विभागाचे म्हणणे आहे. अनुभवी पशुपालकाने त्याचा अर्थ असा लावावा की पिवळ्यात अजून काही झालेले नसते, नारिंगीत अजून वेळ असतो आणि लाल येईपर्यंत वेळ गेलेली असते, म्हणून तिन्ही रंगांत करण्यासारखे एकच काम उरते, ते म्हणजे संदेश गावच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकणे. हे काम मात्र टाळाटाळ न करता करावे. समूहावर तो संदेश आधीच तीन जणांनी टाकलेला असला तरी आपणही टाकावा, खाली हात जोडलेले चिन्ह लावावे आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून फोन चार्जिंगला लावावा. संदेशात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द असतील तर आणखी निर्धास्त राहावे. विभागाच्या लेखी तुरळक म्हणजे त्या क्षेत्रातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी एक ते पंचवीस टक्के केंद्रे. पण तुरळक ठिकाण हे नेहमी शेजारच्या गावात असते, हा नियम आपल्या वाडवडिलांपासून चालत आला आहे.

विजेच्या बाबतीत थोडे शास्त्र माहीत असलेले बरे, कारण त्याशिवाय ते धाब्यावर बसवण्यात मजा नाही. वीज झाडावर पडली की प्रवाह खोडातून जमिनीत उतरतो आणि जमिनीत चहूकडे पसरत जातो. माणसाची दोन पावले जवळजवळ असतात, पण गाईचे पुढचे आणि मागचे खूर यांत चांगले दीड मीटरचे अंतर असते. तेवढ्या अंतरात जमिनीतला विजेचा दाब बराच बदललेला असतो आणि तो प्रवाह पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाताना वाटेत काळीज लागते. म्हणूनच एका झाडाखाली उभी असलेली सगळी जनावरे एकाच वेळी आडवी होतात आणि त्यांच्या अंगावर वीज थेट पडलेली नसते. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलल्यावर ढग भरून आले की माळावरच्या एकुलत्या एका चिंचेखाली सगळी दावण नेऊन बांधावी. झाड जितके उंच तितके उत्तम, कारण सावली मोठी पडते. झाड नसेल तर तारेच्या कुंपणाला टेकून उभी करावीत. राखणीला लहान पोर पाठवावे, फोन त्याच्याजवळ देऊ नये, कारण तो हरवतो. ‘दामिनी’ ॲप घरातल्या फोनमध्ये असावे आणि वीज जवळ आल्याचे घरच्या माणसांना तरी वेळेवर कळावे.

आता जनावर बांधायच्या दाव्याकडे येऊ. संपूर्ण विषयात मोलाची वस्तू हीच आहे आणि नेमकी तिच्यावर कोणत्याही परिपत्रकात फारशी चर्चा नसते. दावे नायलॉनचे घ्यावे. ते स्वस्त पडते, कुजत नाही आणि भिजल्यावर जनावराने ओढ दिली की त्याची गाठ अशी आवळत जाते की अंधारात, गार पडलेल्या बोटांनी, गुडघाभर पाण्यात ती सुटण्याचा प्रश्नच येत नाही. सुरगाठ मुळीच मारू नये. एक टोक ओढले की सुटणारी गाठ ही चोरांची सोय आहे. निरगाठ मारावी, तीही दोनदा. त्याहून पक्के काम हवे असेल तर लोखंडी साखळी वापरावी आणि तिच्या कुलपाची किल्ली घरात देव्हाऱ्याशेजारी ठेवावी. गोठ्याच्या मेढीला कोयता किंवा विळा अडकवून ठेवण्याची काही जुन्या लोकांना खोड असते, ती मोडून काढावी, कारण हत्यार डोळ्यांसमोर असले की पाणी चढल्यावर दावे कापून जनावर मोकळे सोडण्याचा मोह होतो. गाई-म्हशींना उपजत पोहता येते, त्यातून म्हैस तर पाण्यातलीच. मोकळी सुटली तर ती उंचवट्याकडे निघून जाण्याची आणि दुसऱ्या दिवशी परक्याच्या उसात सापडण्याची दाट शक्यता असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांत नदीकाठच्या गोठ्यांतली जनावरे दाव्याला बांधलेली असतानाच बुडाली. हरवले एकही नाही, मोजायला सगळी जागच्या जागी होती.

पुराचा इशारा कसा वाचावा, हेही सांगितले पाहिजे. वरच्या बाजूला धरणातून विसर्ग वाढवला की अमुक हजार क्युसेक असा आकडा जाहीर होतो आणि नदीकाठच्या ग्रामस्थांनी सतर्क राहावे असे सांगितले जाते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी. सुज्ञ पशुपालकाने रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसावे, त्या हजारांना अठ्ठावीसने गुणावे, आलेल्या उत्तराला आपल्या गावाजवळच्या नदीच्या पात्राच्या रुंदीने आणि वेगाने भागावे आणि पाणी आपल्या गव्हाणीपर्यंत किती वाजता येईल ते काढावे. मारुतीच्या देवळाची कितवी पायरी बुडेल, एवढे कुणी सांगितले तर साऱ्या गावाला उलगडा होईल. पण मग आकड्यांना काही शान राहणार नाही. शिवाय आपल्या डोक्यावर चांदणे आहे तोवर पूर येत नाही, हीही खूणगाठ बांधून ठेवावी. सीना अहिल्यानगरकडून येते आणि तिच्या उगमाकडे पडलेला पाऊस खालच्या तालुक्याला आकाशात दिसत नाही, हे भूगोलाचे मास्तर सांगत असत, परंतु तेव्हाही आपले लक्ष खिडकीबाहेर होते.

इशाऱ्याच्या शेवटी ‘जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत’ हे वाक्य असतेच. ते स्थळ कुठे आहे, असा खोडसाळ प्रश्न विचारू नये. माणसांसाठी जिल्हा परिषदेची शाळा असते, तेथे म्हैस नेली तर मुख्याध्यापकांना पटावर घेता येत नाही. पूर्वी गायरान असे. आता त्यावर कुठे घरे आहेत, कुठे सौरपट्ट्या आहेत, आणि त्या सौरपट्ट्यांना मात्र भक्कम कुंपण आहे. चारा छावणीची यंत्रणा आपल्या राज्याला चांगली ठाऊक आहे, पण ती दुष्काळासाठी. पाणी नसताना जनावरांना एकत्र आणायचे आणि पाणी असताना जिथल्या तिथे राहू द्यायचे, असे धोरणात ठरून गेलेले दिसते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे बचावाची बोट दाराशी आली तरी कित्येकांनी जनावरे सोडून निघायला नकार दिला. त्यांना हटवादी म्हटले गेले. बोटीत गाय बसत नाही आणि गाय सोडून माणूस निघत नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी ठाऊक असलेला माणूस आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीला बहुधा बोलावला जात नसावा. नाही म्हणायला तालुक्याच्या पातळीवर शेती आणि पशुधनासाठी मंगळवारी व शुक्रवारी सल्ला तयार करणारी जिल्हा कृषी-हवामान केंद्रे होती. देशभरातली अशी १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद झाली. सल्ला जितका दुरून येईल तितका तो सर्वांना सारखा लागू पडतो.

उन्हाळ्याचे थोडक्यात सांगतो. मैदानी भागात पारा चाळिशी गाठतो आणि सरासरीच्या साडेचार अंश वर जातो तेव्हा उष्णतेची लाट जाहीर होते, आणि हे तापमान सावलीतल्या, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीत मोजलेले असते. आपला गोठा पत्र्याचा, बुटका आणि तीन बाजूंनी बंद असावा, म्हणजे त्या आकड्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. होल्स्टीन गाय मुळात थंड मुलखातली. पन्नास टक्के आर्द्रतेला पंचवीस अंशांच्या आसपासच तिला उष्म्याचा ताण जाणवायला सुरुवात होते, असे पशुवैद्यक मानतात. म्हणजे लाट जाहीर होईपर्यंत ती कित्येक आठवडे धापा टाकत असते आणि आपण दूध कमी झाले म्हणून पेंड बदलत असतो. ते तसेच चालू द्यावे. पत्र्यावर पाचट टाकणे, चुना मारणे, बाजूंना ओली गोणपाटे सोडणे, वैरण पहाटे आणि रात्री टाकणे ही कामे बिनखर्चाची असल्यामुळे त्यांना प्रतिष्ठा नाही. कोंबडीला घाम येत नाही, तेव्हा तिची काळजी करण्याचे कारण नाही.

मेंढपाळांसाठी वेगळ्या सूचना आहेत, कारण त्यांचा गोठा चालता असतो. शेती-हवामानाचा सल्ला देणाऱ्या ‘मेघदूत’ ॲपमध्ये जिल्हा निवडताना घरचा जिल्हा निवडावा, म्हणजे कळप घाटाखाली पोहोचला तरी घरच्या कोरड्या माळावरची हवा कळत राहील. कोकरे डालग्याखाली आणि मेंढ्या जाळीच्या वाड्यात, उघड्या शेतात बसवल्या आहेत, अशा वेळी थंडीत पाऊस आला तर इशाऱ्यातले मिलिमीटर वाचावेत. साडेचौसष्टच्या खाली असेल तर तो शासकीयदृष्ट्या मुसळधार नाही, हे मेंढ्यांना समजावून सांगावे. मेंढी मिलिमीटरने मरत नाही. लोकर भिजते, तिच्यावर रात्रभर वारा लागतो, पोटात ऊब धरायला चारा नसतो, आणि पहाटेपर्यंत अंगातली धग संपते. १ आणि २ डिसेंबर २०२१ च्या अवकाळी पावसात पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या-शेळ्या अशाच गारठून गेल्या. त्या रात्री आडोसा म्हणून ज्याच्या शेतात खतासाठी कळप बसवला होता त्याच्या पत्र्याच्या शेडचे दार मागावे, असे सुचवण्याचा मोह होतो. पण लेंड्या शेतात हव्या असतात, शेडमध्ये नको असतात.

इतके सगळे मनापासून पाळल्यावर भरपाईचा टप्पा आपोआप येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ मध्ये ठरलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, मेंढी-शेळीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये असे दर आहेत. वीस लिटर दूध देणारी संकरित गाय या दरात कोणत्या बाजारात मिळते ते शोधण्याच्या भानगडीत पडू नये, शासनालाही तो बाजार अजून सापडलेला नाही. मात्र जनावराच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा टॅग हवा, नाहीतर त्याचा मृत्यू ग्राह्य धरला जात नाही. गाय वाहून जात असेल तर ती शक्यतो आपल्याच तलाठ्याच्या सज्जात अडकेल आणि कान पाण्याच्या वर राहील, असे पाहावे. शवविच्छेदनाला पशुवैद्यक पोहोचेपर्यंत तिने फुगू नये. रस्ता वाहून गेल्यामुळे डॉक्टर आले नाहीत, तर रस्त्याचा पंचनामा आधी होतो आणि गाईचा नंतर, याचा राग मानू नये.

या निकषांत मर्यादाही आहे, एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरे तीन आणि लहान तीस. २०२५ च्या पुरानंतर राज्याने तीन जनावरांची अट बाजूला ठेवली, ही चांगली गोष्ट झाली. पण सवलत आदेशागणिक असते आणि निकष कायमचे असतात, म्हणून पुढच्या खेपेला गाफील राहू नये. दोनशे मेंढ्यांच्या धन्याने वाड्याशी उभे राहून पहिल्या तीस मेंढ्यांवर गेरूची खूण करावी आणि उरलेल्या एकशे सत्तरांना आदेश निघेपर्यंत दम धरायला सांगावे.