पंचवटीकर काका, ‘झिंगाट’ यादीतून जाणार नाही

पंचवटीकर काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळी खरडून भागणार नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं असं, की खपलेलं गाणं वेगळं आणि काळाचं गाणं वेगळं, आणि मागच्या लेखात आपापला काळ सांगणाऱ्या गाजलेल्या गाण्यांची यादी करताना मी दोन्हींची खिचडी केली. गीतरामायणाच्या पंगतीत ‘झिंगाट’ला पाट मांडला. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची तारीख चुकवली. गाजलेली गाणी ही बाजाराची करामत असते, त्यात काळ कसला शोधता? जाता जाता काकांनी हेही कळवलंय, की नातवाच्या लग्नात त्यांनी ‘झिंगाट’ वाजू दिलं नाही.

आधी तारखेचं. चूक माझीच. मी २६ जानेवारी लिहिलं होतं, लताबाईंनी ते गाणं दिल्लीत गायलं २७ जानेवारी १९६३ ला. मूळ लेखात बदल केलाय.

पण ती चूक सुधारताना त्या गाण्याचा संगीतकार पुन्हा समोर आला, आणि काका, तुमची पंचाईत तिथूनच सुरू होते. सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नाशिकच्या शेजारच्या पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणणारी चाल त्यांची. आणि १९४९ सालचं ‘मेरे पिया गए रंगून’ही त्यांचंच, शमशाद बेगमबरोबर स्वतः गायलेलं. तुमच्या हिशोबाने हे थिल्लर. पण ऐका तरी. नवरा ब्रह्मदेशात, बायको डेहराडूनला, मध्ये टेलिफोनची तार. महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली, ब्रह्मदेश नुकता स्वतंत्र झालेला, आणि दूर गेलेल्या माणसाचा आवाज यंत्रातून ऐकू येतो याचं नवल अजून ओसरलेलं नव्हतं. त्या गाण्यात देशावर एक अक्षर नाही, तरी १९४९ साल सगळं आहे.

अजून मागे जाऊ. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद तुम्हाला पाठ असणार. देवलांचं ‘शारदा’ नाटक १८९९ चं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थेटरात क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा प्रयोग ‘शारदा’चाच होता, हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. आता त्या नाटकातून पुढच्या पिढ्यांच्या तोंडी काय राहिलं? म्हाताऱ्या नवरदेवाची टिंगल. पन्नास व्याख्यानांनी जरठ-कुमारी विवाहाची जेवढी लाज वाटली नसती, तेवढी या एका चेष्टेच्या पदाने वाटायला लावली. (१९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून आला असं मला शाळेत असताना खरंच वाटायचं. तो अजमेरच्या हरबिलास सारडांचा.)

गंभीर ते काळाचं आणि हलकं ते बाजाराचं, ही वाटणी मला म्हणूनच पटत नाही. तुमच्याच मताचे एक गृहस्थ केंद्रात मंत्री होते, बाळकृष्ण केसकर. १९५२ नंतर त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनवर नेली. बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाला’ लागली की माणसं संचाला चिकटायची. १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. बाजार गाणी लोकांच्या गळ्यात मारतो हे खरंय, पण इथे सरकारने काढून घेतलेली गाणी लोक समुद्रापलीकडून ऐकत होते. त्याला काय म्हणायचं?

गीतरामायणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मनापासून मान्य करतो. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे केंद्र. छप्पन गाणी, वर्षभर, गदिमा आणि बाबूजी. रेडिओला हार घालून उदबत्ती लावणारी घरं होती, हे आमच्या घरीही ऐकलंय. फक्त एक जोडतो. तेव्हा रेडिओ घ्यायला पैसा लागायचा आणि वाजवायला परवाना. आमच्या आजोबांकडे दोन्ही नव्हतं. ते दुसऱ्याच्या वाड्याच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून ऐकायचे. आत बसलेल्यांचं आणि ओट्यावरच्यांचं गाणं एकच होतं, काळ मात्र एकच होता असं म्हणवत नाही.

आता ज्या भागावर तुम्ही सर्वांत जास्त चिडलात, त्या कॅसेटच्या जमान्याकडे येतो.

मी सिडकोत वाढलो. वडील सातपूरला कंपनीत, तीन पाळ्या. एका दिवाळीच्या बोनसमधून टू-इन-वन आला आणि त्याच्यावर आईने क्रोशाचं झाकण विणलं. कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारा एक दुकानदार होता. वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, आठवड्याने कॅसेट घ्यायला जायचं, आणि एखादं गाणं मधेच तुटलेलं निघालं तर ‘बाजू संपली’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. आमच्या यादीत एका खाली एक काय असायचं ते सांगतो. भीमसेनांचे अभंग, प्रल्हाद शिंद्यांचं ‘चल गं सखे’, किशोरकुमार, आणि शेजारच्या खानदेशी मावशींनी घुसडलेली अहिराणी गाणी. आणि शेवटी, आईला न सांगता, आनंद शिंद्यांचा तो नवीन पोपट.

पोपट लागला की आई आवाज बारीक करायची. गल्लीत मात्र तो कुणाच्या ना कुणाच्या घरून मोठ्याने चालूच असायचा. तुम्ही त्याला ‘अभिरुचीचा ऱ्हास’ म्हणालात. मला त्यात दुसरंच दिसतं. रेडिओवर काय लागणार हे स्टेशनात बसलेला माणूस ठरवायचा. कॅसेट ही पहिली अशी वस्तू, की पाळी संपवून आलेल्या माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या आवडीचं गाणं विकत घेतलं, भाड्याच्या खोलीत लावलं, आणि दहा घरांना ऐकवलं. सातपूर-अंबडला कारखाने आले, धुळ्या-जळगावकडून, मराठवाड्यातून माणसं आली आणि आपापली गाणी घेऊन आली. गावात नातेवाइकांसमोर जे ऐकता आलं नसतं ते इथे ऐकलं. पोपटाच्या शब्दांत यातलं काहीही नाही, मान्य. ते त्या टू-इन-वनच्या आवाजाच्या बटणात आहे.

शब्दांतच काळ हवा असेल तर १९७४ चं ‘महंगाई मार गई’ घ्या. त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा देशभर संप, बहात्तरच्या दुष्काळाची जखम ओली. ते उघडच आहे, त्यावर आपलं भांडण होणार नाही.

पण माझ्या यादीत एक मोठं भोक होतं, आणि ते तुमच्याही नजरेतून सुटलं. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, १९२२ चा जन्म, २००४ मध्ये आपल्या नाशिकमध्येच गेले. त्यांची गाणी बिनाकाच्या पायरीवर कधी नव्हती. ती गायन पार्ट्यांच्या वह्यांतून, एका गायकाकडून दुसऱ्याकडे, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली. ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो’ हे विचारणारं गाणं किती खपलं याचा आकडा कुणाकडे असणार? आणि तरी दरवर्षी १४ एप्रिलला जाऊन बघा, पोराटोरांना तोंडपाठ आहे. तुम्ही पंचवटीचे, म्हणून बोलतो. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. गीतरामायण रेडिओवर आलं त्याच्या पंचवीस वर्षांनी. या दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आठवणीत आहेत, आणि मी गाण्यांची यादी करताना एकीकडेच बघितलं. हा आक्षेप तुम्ही घेतला असतात तर मी निमूट ऐकून घेतला असता. पुढचा लेख वामनदादांवरच लिहितोय.

डीजेवर वाद घालत नाही. मिरवणुकीत छातीचे ठोके चुकतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, घरात आजारी माणूस असतं. तिथे मी तुमच्या बाजूने. ढोलातला आणि डीजेतला फरक मलाही कळतो हो. केरळातल्या लग्नात ‘नासिक ढोल’ या नावाने वाजणारा ढोल ऐकला तेव्हा ऊर भरून आला होता.

राहिलं ‘झिंगाट’. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. पहिल्या आठवड्यात पाहिला तेव्हा या गाण्याला थेटरातली पोरं खुर्च्यांवर चढली होती. त्यांत असे होते की ज्यांच्यासारखा दिसणारा, त्यांच्यासारखं बोलणारा नायक त्यांनी पडद्यावर कधी पाहिला नव्हता. शेवटच्या प्रसंगानंतर तेच सगळे गप्प. रक्ताची पावलं उमटवत बाहेर जाणारं ते लेकरू बघितल्यावर जिन्यावर कुणी बोलेना. त्याच गणपतीत तेच गाणं मिरवणुकीत लागलं आणि सगळे नाचले, मीही. त्यानंतर ते प्रत्येक वरातीत वाजलं. त्यांतली बहुतेक लग्नं जात बघून ठरलेली, पत्रिका जुळवून लावलेली. दुसऱ्या जातीत प्रेम केलं म्हणून मारल्या गेलेल्या पोरापोरीच्या सिनेमातलं गाणं, आणि त्यावर दोन्हीकडचे मामा फेटे उडवतायत. २०१६ सालाबद्दल याहून जास्त सांगणारं दुसरं गाणं मला तरी सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर कळवा, यादीत घालतो, तुमच्या नावासकट.

आणि हो, नातवाच्या वरातीत ‘झिंगाट’ नाही, तर मग मंडळी नाचली कशावर?

तुमचा,
सिडकोवाला