अंडरस्कोरच्या आड बसलेली मेथड

कोणत्याही फ्रेमवर्कचे, म्हणजे प्रोग्रामरला आयत्या मिळणाऱ्या कोडच्या सांगाड्याचे, डॉक्युमेंटेशन (माहितीपुस्तिका) उघडले, तर 'गेटनेम ही मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) नाव परत करते' हे वाक्य त्यात हमखास सापडते आणि त्याखाली उदाहरणही दिलेले असते. नाव मागितल्यावर आडनाव मिळेल, अशी धास्ती ज्यांना वाटत असेल, त्यांची ती दूर होते. आपल्याला जे हवे असते ते मात्र त्या पानांवर नसते. ते सोर्स कोडच्या तळाशी, नावाआधी अंडरस्कोर, म्हणजे 'हे आतले काम, बाहेरच्यांनी वापरू नये' असे सुचवणारी '_' ही खूण लावून, निमूटपणे काम करीत असते.

जळगाव जिल्ह्यातील व्यापाऱ्यांची बिले छापणारी सॉफ्टवेअर सांभाळणे हा माझा धंदा आहे. चोपड्याच्या एका केळी व्यापाऱ्याचे सॉफ्टवेअर माझ्याकडे वारसाहक्काने आले. ते लिहिणारे गृहस्थ पुण्याला गेले. जाताना त्यांनी पासवर्ड दिले, सर्व्हरचे भाडे कधी भरायचे ते सांगितले, परंतु बिलाची सगळी मांडणी ज्या मेथडवर उभी आहे, तिचा फ्रेमवर्कच्या अधिकृत यादीत पत्ताच नाही, एवढे सांगायचे विसरले. ही मेथड बिलातील ओळीची उंची मिलिमीटरमध्ये सांगत असे, आणि ए-फोर कागदाची २९७ मिलिमीटर उंची भरत आली की आमचा कोड पान उलटत असे.

मग मे महिन्यात, भुसावळच्या उन्हाने वर्तमानपत्रांचे मथळे व्यापलेले असताना, फ्रेमवर्कच्या आवृत्तीतील शेवटचा आकडा बदलला. शेवटचा आकडा बदलणे म्हणजे केवळ किरकोळ दुरुस्ती, जुने काहीही मोडणार नाही, असा या क्षेत्रातील संकेत आहे. बदलांच्या यादीत 'अंतर्गत साफसफाई' असे दोनच शब्द होते. त्या साफसफाईत आमची मेथड मिलिमीटरऐवजी पॉइंट या छपाईच्या मापात उत्तर देऊ लागली. एका मिलिमीटरमध्ये सुमारे २.८३ पॉइंट मावतात. त्यामुळे पानाचा तिसरा हिस्सा भरताच पान भरल्याचा साक्षात्कार कोडला होऊ लागला, आणि एका पानाचे बिल तीन पानांवर पसरले. पहिल्या पानावर वजन, दुसऱ्यावर भाव, तिसऱ्यावर एकटी बेरीज.

"काय व्हयनं रे भो? गाडी भरेल शे, बिल कोठे शे?" शेठचा फोन आला. गाडी दिल्लीला निघायची होती, आणि ४४ अंशांत केळी डॉक्युमेंटेशन वाचत बसत नाहीत. जुनी आवृत्ती परत बसवून मी ती गाडी मार्गी लावली आणि फ्रेमवर्कच्या कर्त्यांकडे तक्रार नोंदवली. 'ती मेथड खासगी आहे, ती वापरायला नको होती,' असे उत्तर आले. मग ओळीची उंची कळण्याचा अधिकृत मार्ग कोणता, असे मी विचारले. त्यांनी ओळीची उंची ठरवून देण्याविषयीचे पान पाठवले. उंची ठरवता येते, विचारता येत नाही. भरिताची कृती सांगताना मीठ चवीनुसार घालावे हे आवर्जून सांगायचे, वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची असतात हे गिळून टाकायचे आणि भरीत बिघडल्यावर 'गॅसवर भाजलीत होय?' असे विचारायचे, त्यातलाच हा प्रकार आहे.

वास्तविक पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत नावाआधीचा एक अंडरस्कोर हा केवळ शिष्टाचार आहे. भाषा कोणालाही अडवत नाही. काहींनी शिष्टाचारावर विसंबणे सोडून धमकीचा मार्ग धरला. वेबपाने बनवण्यासाठी फेसबुकने तयार केलेल्या रिअॅक्टमध्ये एका अंतर्गत वस्तूच्या नावातच 'वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल' अशी तंबी अनेक वर्षे होती. आवृत्ती १९ मध्ये ते नाव बदलले आणि नव्या नावात अपग्रेड अडकण्याचा इशारा आला. जावा या भाषेत एका क्लासचे (कोडच्या एका घटकाचे) नावच 'अनसेफ', म्हणजे असुरक्षित, आहे, तरी मोठमोठ्या लायब्रऱ्या (आयत्या कोडचे संच) त्याच्यावर उभ्या राहिल्या. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमही हेच सांगतो: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही काय कबूल केले होते याला अर्थ उरत नाही, जे जे दिसते त्यावर कोणीतरी विसंबलेले असतेच. जँगो या पायथनमधील फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी ते ओळखले असावे. त्यांच्या मॉडेलमधील (माहितीची रचना ठरवणाऱ्या कोडमधील) 'अंडरस्कोर मेटा' ही अंतर्गत वस्तू सगळे जण वर्षानुवर्षे चोरून वापरत होते. २०१५ मध्ये १.८ या आवृत्तीत त्यांनी ते रीतसर डॉक्युमेंटेशनमध्ये घेतले, अंडरस्कोरसकट! असा दिलदारपणा माझ्या मते दुर्मीळ आहे.

आमच्या फ्रेमवर्कच्या कर्त्यांनीही माझी तक्रार मनावर घेतली, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या आवृत्तीत मेथड तीच आहे, उत्तर पॉइंटमध्येच आहे आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तिचे नाव अजूनही नाही. मात्र नावाआधी आता दोन अंडरस्कोर आहेत.