ताई, ते 'पन्नाशीचा पुरुष' वाक्य माझं चुकलंच, पण...

ताई, तुमची कमेंट काल ठाणे लोकलमध्येच वाचली. तुमचं म्हणणं असं की जठराच्या कॅन्सरवर लिहिताना मी 'पन्नाशी उलटलेला पुरुष, तंबाखू, उशिरा आलेला' असं लिहून मोकळा झालो, आणि तुमच्या घणसोलीच्या जाऊबाई मात्र 36 वर्षांच्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या, पाच महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर काढल्यावर निदान झालं. असं वाचूनच लोक गाफील राहतात, हे तुमचं वाक्य लागलं हो.

खोटं मी लिहिलं नव्हतं, जगभर एका बाईमागे साधारण दोन पुरुष असंच प्रमाण आहे. पण मी डॉक्टर नाही, मेडिकल रेकॉर्डला आहे, केसपेपरवरून वय-गाव भरतो, आणि रजिस्टरमध्ये जो पोचला तोच मोजला जातो हे मला तरी कळायला हवं होतं. त्यात खारघरच्या टाटाच्या सेंटरला पेशंट कुठून कुठून येतात, अगदी ईशान्येकडूनही. मिझोराममध्ये तर हा कॅन्सर खूपच जास्त, तिथं धुरावलेलं मांस आणि तुइबुर, म्हणजे तंबाखूच्या धुराचं पाणी चालतं. ती सगळी सरासरी मी घणसोलीच्या बाईला लावली.

शिवाय प्रकार दोन आहेत, 1965 पासून डॉक्टर तसे वेगळे करतात. एकात गाठ धरते, तो बहुतेक म्हाताऱ्या पुरुषांचा. दुसऱ्यात पेशी सुट्ट्या सुट्ट्या जठराच्या भिंतीत पसरतात, तो तरुण वयात, बायकांनाही होतो, आणि कधी कधी एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून पोटात घातलेल्या कॅमेऱ्यालाही पटकन दिसत नाही.

शाकाहारी असूनही झाला कसा, हे आश्चर्य मात्र पटलं नाही. एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू लहानपणीच घरातल्या घरात लागतो, ताटात मटण असो नाहीतर वरणभात. 1994 ला तो कॅन्सरकारक ठरला, तरी ज्यांच्या पोटात असतो त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, त्यामुळे उगाच घाबरूही नका.

आता माझे कळव्याचे काका ऐका. वय 58, मशेरी, म्हणजे माझ्या चित्रात फिट्ट. पट्ट्याला मोच्याकडून एक भोक पाडून आणलं, महिनाभरात दुसरं, आणि तलावपाळीच्या चालण्याने पोट उतरलं म्हणून आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, मीसुद्धा! दोन घासांत ताट सरकवायचे, शी काळी व्हायची तर रक्त वाढायच्या गोळ्यांमुळे असेल म्हणाले. हिमोग्लोबिन 7 आल्यावर एंडोस्कोपी झाली, तेव्हा कुठे निदान झालं. म्हणजे चित्रात बसणाऱ्यालाही ते चित्र उपयोगी पडलं नाही, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीने दुखणं काही दिवस दबतं ते वेगळंच.

तर लेखातली वयाची ओळ खाली ढकललीय, आणि वजन, काळी शी, दोन घासांत भरणारं पोट, न सांगता उतरलेलं हिमोग्लोबिन हे वर आणलंय.

जाऊबाईंचं ऑपरेशन झालं असेल आणि पूर्ण जठर काढलं असेल तर बी-12 ची इंजेक्शनं आयुष्यभर लागतात, डिस्चार्ज कार्डावर लिहिलीत का ते आधी बघा, नसतील तर पुढच्या ओपीडीला विचारा.