ओटीपी उलटा सांगितला तरी तो ओटीपीच असतो

आमच्या आत्याच्या फ्रिजवर परवापासून एक कागद चिकटवलेला आहे. ती नागपुरात सक्करदऱ्याला एकटी राहते. भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज तिनं चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलाय. मथळा : ‘कस्टमर केअरचा फोन खरा की खोटा? ओळखण्याच्या ५ खुणा’. खाली ‘सायबर सेल, जनहितार्थ’. कोणत्या गावचा सेल, ते नाही. हाच मेसेज मला आठवडाभरात आणखी चौघांनी पाठवला, त्यातला एक बँकेतून रिटायर झालेला! मी सहा वर्षं कॉल सेंटरला कानाला हेडफोन लावून लोकांचं ‘व्हेरिफिकेशन’ करण्यात घालवली आहेत. गप्प बसवत नाही.

पहिली खूण म्हणे, समोरच्याला तुमचं नाव, जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे ठाऊक असले की तो बँकेचाच. अहो, ते चार आकडे पेट्रोल पंपाच्या पावतीवर छापून येतात. जन्मतारीख आधारच्या झेरॉक्सवर असते, आणि ती झेरॉक्स आपण सिमवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटून बसलोय.

दुसरी, ट्रूकॉलरवर बँकेचं नाव दिसायला हवं. तिथली कितीतरी नावं लोकांनीच सुचवलेली असतात. पुढे चला.

तिसरी जशीच्या तशी देतो : ‘ओटीपी मागितलाच तर उलटा सांगा. खऱ्या बँकेची सिस्टीम तो आपोआप सरळ करते, भामट्याला दिला तर खाते लॉक होते.’

बाप्पा! ४८२९१७ उलटा केला की ७१९२८४. चोराला फक्त उजवीकडून डावीकडे वाचायचंय. आणि हा मेसेज काय त्याच्या ग्रुपवर आला नसेल? सिस्टीमला उलटं-सुलटं काही कळत नाही. तिकडे एक नंबर तयार असतो, टाकलेला त्याच्याशी जुळला तर व्यवहार होतो, नाही जुळला तर पुन्हा टाका म्हणते. एटीएमचा पिन उलटा दाबला की पोलीस येतात, ही जुनी थाप आठवते का? तिचंच हे नातवंड. पण माझा संताप त्या अडाणीपणावर नाही. आत्या कालपर्यंत ओटीपी कुणालाच सांगत नव्हती. आता तिला वाटून राहिलं की सांगायची एक सुरक्षित रीत आहे.

खरं सांगू, आम्हाला ओटीपी लागायचाच नाही. ग्राहकाचा फोन आला की दोन-तीन प्रश्न विचारून आम्ही कॉल मशीनकडे द्यायचो. तो त्याचा टेलिफोन पिन कीपॅडवर दाबायचा. आमच्या कानावर काही पडायचं नाही, स्क्रीनवर फक्त ‘पास’ नाहीतर ‘फेल’. कुणी भोळेपणानं आकडे बोलायला लागला तर आम्हीच ओरडायचो, ‘सर, बोलू नका, दाबा!’ कारण सगळी सोय एजंटलाही गुपित कळू नये म्हणूनच होती.

आणि ते सगळं ग्राहकानं फोन लावला असेल तेव्हाचं. ज्यानं फोन लावला, ओळख त्यानं पटवायची. बँकेनं तुम्हाला लावला तर पटवायची पाळी बँकेची आहे, तुमची नाही. मेसेजवाल्यानं दोन्ही फोन एकाच पोत्यात कोंबलेत. आलेला फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला नको, तिथे खोट्या कस्टमर केअरची दुकानं आहेत.

चौथी खूण १६०० ची : नंबर १६०० ने सुरू झाला की फोन बँकेचाच. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना खरंच सांगितलं की व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करा, जाहिरातीचे १४० वरून. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यावर संशय घ्यायला हे कामाचं आहे. पण स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो, म्हणून १६०० दिसलं की पिन सांगून मोकळं व्हायचं नसतं.

पाचवी सगळ्यात घातकी : ‘घाबरू नका, पैसे गेले तरी ३ दिवसांत कळवले की बँकेला पूर्ण परत द्यावेच लागतात, आरबीआयचा नियम.’ संविधान चौकाला अजून आरबीआय चौक म्हणणारी माणसं आपण, आरबीआय म्हटलं की विश्वास बसतो. नियम आहे, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात. पण कुणी वाचलं का ते? चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, गडबड तिसरीकडेच झाली, आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. त्याच परिपत्रकात पुढे म्हटलंय की ग्राहकानं स्वतः गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तिसरी खूण पाळणारा पाचव्या खुणेला मुकतो. म्हणून तीन दिवस मोजत बसायचं नाही, त्याच मिनिटाला बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

हे सगळं सांगायला मी काल आत्याला बायकोच्या फोनवरून कॉल केला. म्हणाली, ‘तू तूच कशावरून? महालातल्या घरी विहिरीजवळ कोणतं झाड होतं, सांग.’ मी म्हटलं, चिंच. ‘सीताफळ होतं,’ म्हणाली, आणि ठेवला. दोन मिनिटांनी माझ्या नंबरवर तिचा फोन आला.