चिकन पास्त्याचा तो मेसेज आणि त्यातलं पाणी

उन्हाळी भाज्या घातलेल्या चिकन पास्त्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘१५ मिनिटांत रात्रीचं जेवण’ आणि खाली सहा नियम. चिकन नळाखाली खळखळून धुवा. मोठ्या आचेवर परता, म्हणजे रस आत कोंडला जातो. पास्त्याच्या पाण्यात तेल घाला. मीठही घाला, पाणी लवकर उकळतं. शिजलेला पास्ता गार पाण्याने धुवा. भाज्या सगळ्या एकदम घालून झाकण ठेवा.

पदार्थ खरंच सोपा आहे, म्हणून तर हे वाचून चिडचिड होते. यातल्या एकाही नियमाने काम कमी होत नाही. उलट नको तिथे पाणी येतं आणि हवं ते पाणी मोरीत जातं.

चिकन धुण्यापासून सुरुवात करू. कच्च्या चिकनवर साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. धुण्याने ते जात नाहीत, पसरतात. नळाच्या धारेखाली उडालेले शिंतोडे सिंकच्या कडेला, ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या टोमॅटोवर जाऊन बसतात. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये ‘कच्चं चिकन धुऊ नका’ अशी मोहीमच चालवली होती. अमेरिकेचं कृषी खातंही हेच सांगतं. जंतू मरतात ते शिजवल्याने. न धुता शिजवायला कसंसंच वाटतं, हे मान्य. मग कागदी टॉवेलने नीट टिपून घ्या, टॉवेल लगेच फेका आणि हात साबणाने धुवा. टिपण्याचा दुसरा फायदा पुढच्या मुद्द्यात येतोच.

‘मोठ्या आचेवर रस कोंडला जातो’ ही समजूत जुनी आहे आणि तिच्यामागे मोठं नावही आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये मांसाबद्दल जे लिहिलं, त्यातून ती रुजली. पण तव्याशी उभं राहून नुसतं ऐका. चिकन टाकल्यावर जो चर्र आवाज येतो आणि येतच राहतो, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. रस खरोखर आत बंद झाला असता, तर तवा गप्प बसला असता.

तरीही चिकन खरपूस करायचंच, पण चवीसाठी. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा यांच्यातली जी अभिक्रिया जोरात चालते, तिच्यामुळे तो तपकिरी रंग आणि वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. आता पृष्ठभाग ओला असेल तर तो १०० अंशांच्या आसपासच अडकतो, कारण आधी ते पाणी उडून जायला हवं. म्हणजे नुकतंच धुतलेलं चिकन तव्यावर भाजलं जात नाही, उकडलं जातं. पहिला नियम पाळला की दुसऱ्याची वाट लागते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

चिकन कोरडं पडतं ते आतलं तापमान फार चढल्यामुळे. ब्रेस्टच्या, म्हणजे छातीच्या, तुकड्याला तर जरासुद्धा उशीर सोसत नाही. तुकडा सगळीकडे सारख्या जाडीचा करा, दोन्ही बाजूंनी रंग आणा, मधोमध ७४ अंश झाले की ताटलीत काढा आणि शेवटपर्यंत पुन्हा आचेवर चढवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात असेल तर अंदाजपंचे कारभार संपतो.

मिठाचा मुद्दा दोन ओळींचा. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू पाव अंशानेही बदलत नाही, आणि जो बदलतो तो वर जातो. मीठ जरूर घाला, पण पास्त्याला आतून चव यावी म्हणून.

तेल पाण्यावर तरंगतं. पास्ता असतो खाली. चिकटायचा धोका पहिल्या एक-दोन मिनिटांत असतो, पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून चिकट होतो तेव्हा. त्या वेळी चमच्याने ढवळलं की काम झालं. तेलाने फेस उतू जाणं थोडं कमी होतं, एवढं श्रेय त्याला देऊ. पण पास्ता निथळताना तेच तेल त्याला माखतं आणि मग सॉस धरत नाही. उरलेला स्टार्च गार पाण्याने धुऊन टाकला, की सॉसला बिलगायला काहीच राहत नाही. पास्ता थंड सॅलडसाठी असेल तर धुवा, नाहीतर नको. आणि निथळण्याआधी ते गढूळ पाणी कपभर बाजूला काढा. त्यातला स्टार्च तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाही, सॉसला तकाकी येते. या अख्ख्या पदार्थात फुकट मिळणारी सर्वांत कामाची वस्तू तीच आहे, आणि मेसेज ती ओतून द्यायला सांगतो.

भाज्यांचा नियम सगळ्यांत घातक. झुकिनीत (काकडीसारखी दिसणारी भाजी) जवळपास ९५ टक्के पाणी असतं, टोमॅटोतही साधारण तेवढंच. ढोबळी मिरची फार मागे नाही. हे सगळं एका भांड्यात कोंबून वर झाकण घातलं तर वाफेला वाट कुठे? दहा मिनिटांनी फिक्या सूपात तरंगणारा लगदा मिळतो. त्यापेक्षा पसरट भांडं घ्या, चिकन ज्यात परतलं तेच. झाकण नको. आधी मिरची आणि मक्याचे दाणे. त्यांना रंग आला की झुकिनीचे जाडसर काप एका थरात टाका आणि जरा वेळ हलवूच नका. झुकिनीला मीठ शेवटी लावा, कारण मीठ लागलं की ती लगेच पाणी सोडते. टोमॅटो सर्वांत शेवटी. आधी घातले तर त्यांच्या पाण्यात बाकीच्या भाज्या उकडतात, आणि आंबटपणामुळे मऊ व्हायलाही वेळ घेतात. टोमॅटोचं पाणी मात्र आटवून टाकायचं नाही, तळाला लागलेला चिकनचा खरपूस थर त्यातच सुटतो आणि सॉस तयार होतो.

राहिली ती १५ मिनिटं. मोठं पातेलंभर पाणी उकळायलाच त्यातली निम्मी जातात. पाणी कमी घ्या, पास्ता वर-खाली हलेल इतकं पुरतं, फक्त जास्त वेळा ढवळावं लागतं. कमी पाण्यात स्टार्चही दाट उतरतो. चिरण्यासकट अर्धा तास धरा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी पास्ता काढा, भाज्यांमध्ये टाका, राखून ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत परता. मग गॅस बंद करून चिकन, बेसिलची पानं आणि किसलेलं चीज. चीज उकळत्या सॉसमध्ये पडलं तर त्याच्या गुठळ्या होतात.