दाजींचा तपास

माणूस गेलं की लोक आधी 'कधी' विचारतात. मासा गेला की थेट 'कशानं?' विचारतात, आणि उत्तराला थांबत नाहीत, कारण ते घरूनच घेऊन आलेले असतात.

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरातला गोल्डफिश सकाळी फिशटँकमध्ये आडवा तरंगत होता. रात्रीपर्यंत काचेला तोंड लावून सगळ्यांच्या ताटात बघणारा मासा! योगायोगानं निपाणीचे दाजी मुक्कामाला होते. दाजी तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतात, त्यामुळं घोटाळा कुठलाही असो, तो शोधायचा मान त्यांचाच. अर्धा चहा तसाच ठेवून त्यांनी तपास हातात घेतला.

"पाणी कुठलं? राकसकोप का हिडकल?"

झालं. बेळगावला पाणी येतं ते या दोन धरणांतून. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हिडकलवर बोट ठेवलं. त्यांची डाळ शिजत नाही ती त्याच पाण्यानं. शेजारचे अण्णा राकसकोपवर घसरले. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, हे आठवून मी माशाला तेवढ्यात पिशवीत गुंडाळून घेतलं.

"क्लोरीन!" दाजींनी निकाल दिला. "कल्ले भाजून काढतोय बघा तो." मुद्दा खरा होता. म्हणून तर आम्ही नळाचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवतो आणि मगच टाकतो. पण मुळात अलीकडं पाणी बदललंच नव्हतं. यावर दाजी म्हणाले, "मग न बदलल्यानं गेलाय." या माणसाला वकील करायला हवा होता.

आईचं मत वेगळं. "घरावर काहीतरी संकट आलं होतं, मुक्या जिवानं अंगावर घेतलं." कुठलं संकट, असं विचारल्यावर तिनं एकदा दाजींकडं बघितलं आणि ती आत निघून गेली. काकूंचा संशय टँकमधल्या गोगलगाईवर होता, कारण ती काचेवरून निवांत फिरत होती. "गोगलगाय अन् पोटात पाय, उगाच म्हणत नाहीत."

शेवटी बरणीत टँकमधलं पाणी भरून मी मासेवाल्याचं दुकान गाठलं. त्यानं काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, नळी हलवली आणि उजेडाला धरली. पाणी हिरवं झालं तर अमोनिया. आमचं पिवळंधमक राहिलं. "नीर छलो अदरी," तो कानडीत म्हणाला, म्हणजे पाणी चांगलं आहे. माशाच्या घाणीतून अमोनिया सुटतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढ्यात बरेच मासे जातात. आमचा टँक जुना, म्हणजे ती शंका मिटली.

मग त्यानं नळी धुता धुता विचारलं, "रात्री खोलीत काय फवारलासा काय?"

टँकचा पंप खोलीतलीच हवा ओढतो आणि बुडबुडे करून पाण्यात सोडतो. हवेत डासांचं औषध असेल तर तेही पाण्यात उतरतं. ही औषधं शेवंतीच्या जातीच्या फुलांतल्या विषाच्या धर्तीवर कारखान्यात बनवतात. माणसाचं शरीर ती लवकर मोडून टाकतं. माशाला ते जमत नाही, आणि कल्ल्यांतून विष आत शिरत राहतं. गोगलगाईला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही. बिचारी निर्दोष सुटली.

घरी आलो. हॉलमध्ये दाजींच्या अंथरुणाच्या उशाला, टँकच्या अगदी खाली, लाल डबा उभा होता.

"रात्री डास लई हो," दाजी म्हणाले. "तुमाला कशाला उठवायचं म्हणून मीच मारलो कोपऱ्याकोपऱ्यात. डबा संपला तुमचा."

मी तोंड उघडलं. आईनं दारातूनच डोळे वटारले. जावयाला बोलायचं नसतं, त्यातून तो सणाला आलेला. मी म्हणालो, "दुकानदार म्हणाला, वय झालं होतं."

"मी तेच म्हणत होतो की सकाळपासनं!" दाजींनी राहिलेला चहा गरम करून मागितला. "पुढच्या खेपेला दोन घिऊन येतो. आणि चांगलं चार दिवस राहतो."

आईनं त्याच दुपारी माळ्यावरची मच्छरदाणी काढून धुवायला टाकली.