व्रण नाही म्हणून सुटका नाही

लेखातलं ‘गळ्यावर व्रण नव्हता, त्यामुळे गळा दाबल्याचा संशय मिटला’ हे वाक्य खटकलं. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितेय. हाताने किंवा ओढणीने गळा आवळलेल्या कित्येक बायकांच्या कातडीवर पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. आवाज बसलेला, थुंकी गिळताना दुखतं, आणि पापणी उलटी केली तर कधी कधी आत मोहरीहून बारीक लाल ठिपके. (पापणी उलटून बघायला किती वेळ लागतो हो?) खरी भीती पुढची. स्वरयंत्राची सूज काही तासांनी वाढून श्वास अडू शकतो. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी धरते आणि काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी, मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. तोवर भांडण घरचे विसरलेलेही असतात! गळा दाबल्याचा संशय असलेल्या मृत्यूत शवविच्छेदनाच्या वेळी आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढून मानेतलं रक्त उतरू देतात, मग एकेक स्नायू सुटा करून बघतात; धमनीही उघडून पाहावी लागते. आणि हायॉइड हाड (जिभेच्या मुळाशी, गळ्यात वरच्या बाजूला असलेलं छोटं हाड) शाबूत असलं म्हणून गळा दाबला नाही, असं होत नाही. तरुण वयात ते लवचिक असतं.